विसार न घेता विकलेलं घर

घराला गिऱ्हाईक मिळालं हे सांगायला साताऱ्याला दादाला फोन केला, तर त्याचा पहिला प्रश्न, "अगं, विसार किती घेतलास?"

"दादा, इथं विसार नसतो."

"नसतो म्हणजे? उद्या त्यानं शब्द फिरवला तर?"

"फिरवला तर फिरवला. मीही फिरवू शकते."

यावर दादा थोडा वेळ गप्प. विसार पावती, साठेखत, खरेदीखत, मग तलाठ्याकडे फेरफार, या क्रमात त्याचं निम्मं आयुष्य गेलंय. बहीण इतकी वर्षं विलायतेत राहून बावळट झाली, असं त्याला वाटलं असणार. पण मी सांगत होते ते अक्षरशः खरं होतं. इंग्लंडमध्ये भाव ठरतो, हात मिळवले जातात, दारातल्या पाटीवर 'सोल्ड' अशी पट्टी चढते, आणि कायद्याच्या नजरेत काहीही झालेलं नसतं. दोन्हीकडच्या वकिलांनी करारांची अदलाबदल करेपर्यंत, ज्याला इथं एक्स्चेंज म्हणतात, कोणीही कधीही उठून जावं. कारण सांगायला नको, दंड भरायला नको. दहा टक्के रक्कम भरायची ती त्या एक्स्चेंजच्या दिवशी. तोवरचे महिने नुसते भरवशावर. शहरातल्या फ्लॅटचं एक वेळ लवकर उरकतं. खेड्यातल्या जुन्या घराचं मात्र काही सांगता येत नाही.

आमचं घर नॉर्थम्प्टनशरमध्ये, आउंडलच्या जवळ एका खेड्यात. पूर्वीच्या रॉकिंगहॅमच्या जंगलाचा हा पट्टा. नवऱ्याची नोकरी कॉर्बीच्या पोलादी नळ्यांच्या कारखान्यात, माझी पीटरबरोला इस्पितळाच्या फार्मसीत, म्हणून दोघांना मध्ये पडेल असं घर 2004 मध्ये घेतलं. चुनखडीच्या दगडाच्या जाड भिंती आणि वर कॉलीवेस्टनचं छप्पर. कॉलीवेस्टन हे इथून जवळचंच गाव. तिथला चुनखडीचा दगड खाणीतून काढून पूर्वी हिवाळ्यात उघड्यावर ओला ठेवत. थंडीनं आतलं पाणी गोठलं की दगडाचे पापुद्रे सुटायचे, आणि तेच छपरावर चढायचे. वळचणीला मोठे, वर आढ्याकडे जावं तसे लहान लहान. दिसायला इतकं देखणं की रस्त्यानं जाणारे थांबून फोटो काढतात. एक पापुद्रा निसटला की तो बसवणारा कारागीर शोधताना तोंडाला फेस येतो, ते फोटोत येत नाही.

विकायचं कारण साधं. मुलं लंडनला आणि मँचेस्टरला. बस दिवसातून मोजक्याच आणि रविवारी नाहीच. दूध संपलं तरी गाडी काढायची. सत्तरीत रात्रीच्या धुक्यात, त्या अरुंद रस्त्यांवर, दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपं आणि मधूनच हरीण उडी मारणार, असं मला चालवायचं नाहीये. लेस्टरला ओडबीत एक बैठं घर बघितलं. चालत जाऊन कोथिंबीर, मेथी, ओला नारळ मिळतो. माझ्यापुरता निर्णय त्या मेथीच्या जुडीनं केला.

भाव काढायला तीन एजंटांना बोलावलं. इथली रीत अशी की एजंट येऊन फुकटात भाव सांगतो, आणि जो सगळ्यात चढा सांगतो त्याच्याकडे माणूस भाळतो. मग एकदा त्याच्याशी करार केला, की काही आठवडे दुसऱ्याकडे जाता येत नाही, आणि महिन्याभरानं तो तोंड वाईट करून म्हणतो, "बाजार जरा मंद आहे, थोडं खाली यावं लागेल." आम्ही मधला भाव सांगणारा निवडला. 5 लाख 75 हजार पौंड. दलाली सव्वा टक्का अधिक वीस टक्के व्हॅट. पोरगा तिशीच्या आतला, टोकदार बुटांचा, पण गाव ओळखणारा. त्यानं पहिल्याच भेटीत विचारलं, "मेन ड्रेनेज आहे का?" म्हणजे सांडपाणी सार्वजनिक गटारात जातं का. मी म्हटलं नाही. "गॅस?" नाही. त्यानं मान हलवली, नाराज न होता, डॉक्टर रक्तदाब लिहून घेतो तशी.

गावात गॅसची लाइन नाही, त्यामुळे घर तापतं ते मागच्या अंगणातल्या हिरव्या टाकीतल्या तेलावर. तेल म्हणजे आपलं रॉकेल. हे कळल्यावर दादाला कोण आनंद झाला. "आमच्याकडे रेशनचं रॉकेल बंद होऊन जमाना झाला, आणि तुम्ही साडेपाच लाख पौंडांच्या घरात रॉकेल जाळताय!"

जाहिरातीसाठी घराचा ऊर्जा दाखला लागतो, ए ते जी अशा श्रेणींचा, दहा वर्षं चालणारा. वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेल्या जुन्या इमारतींना त्यातून सूट मिळू शकते, पण एजंट म्हणाला असलेला बरा, लोक विचारतात. तपासायला आलेल्या बाईंनी आम्हाला 'एफ' दिला आणि सुधारणेच्या यादीत भिंतींना इन्सुलेशनचा थर द्यावा असं सुचवलं. आमचं घर त्याच वारसा यादीतलं, ग्रेड टू दर्जाचं. त्या भिंतीला परवानगीशिवाय मी खिळादेखील जपून मारते. एक सरकारी यादी सांगते भिंत झाका, दुसरी सरकारी यादी सांगते झाकलीत तर गुन्हा. दोन्ही कागद मी एकाच फाइलमध्ये लावले, बघू काय होतं ते.

फोटो काढायच्या आधी एजंटनं फार गोड शब्दांत सुचवलं की घर "थोडं तटस्थ" दिसू दे. म्हणजे मुलांचे पदवीदानाचे फोटो, फ्रिजवरची पत्रं, आणि जिन्याखालचा देव्हारा. फोटो मी काढून ठेवले. देव्हारा हलवला नाही. म्हटलं, ज्याला घर घ्यायचंय तो जिन्याखाली काय ठेवायचं ते बघेल. सुकटीचं मात्र नवऱ्यालाच बजावलं, लोक बघायला येणार त्या आठवड्यात डबा उघडायचा नाही. जाहिरातीत एजंटनं काय टाकावं? बागेवर घिरट्या घालणारी तांबडी घार. इंग्लंडमधून ही घार पार नाहीशी झाली होती. 1995 पासून रॉकिंगहॅमच्या जंगलात स्पेनहून आणलेली पिल्लं सोडली, आणि आता आमच्या डोक्यावर दिवसभर शीळ घालतात. लंडनहून येणाऱ्याला तिचं भारी अप्रूप. साताऱ्यात घार दिसली की आम्ही वाळवणावर फडकं टाकायचो.

बघायला आलेल्यांबद्दल फार लिहीत नाही. अर्धे नुसते हौशे होते. एका गृहस्थांनी तुळईला डोकं आपटून घेतलं आणि तिथूनच परत गेले. घेणारं जोडपं पीटरबरोचं, दोन लहान मुलांचं. तो आठवड्यातून दोनदा लंडनला जाणारा, पीटरबरोहून किंग्ज क्रॉस तासाभराच्या आत. तिनं देव्हाऱ्यापाशी थांबून विचारलं, "ही गणपतीची मूर्ती ना?" मी तिला तिथंच मनातल्या मनात पाच हजार सूट दिली होती. सुदैवानं तोंडानं दिली नाही, कारण पुढे मागितलीच. बोली ठरली 5 लाख 64 हजारांवर. जानेवारी 2025.

आता साखळी. इथं बहुतेक माणूस एक घर विकूनच दुसरं घेतो, आणि ते सगळे व्यवहार एकाच दिवशी पुरे व्हावे लागतात. आमच्या खाली पीटरबरोचं जोडपं, त्यांचं घर 3 लाख 40 हजारांना घेणारी त्यांच्या खालची एक तरुण जोडी, पहिलंच घर घेणारी. आमच्या वर ओडबीचे आजोबा, लेकीकडे राहायला निघालेले. छोटीच साखळी. पण त्यातल्या एकाच्या बँकेनं शिंक दिली की चौघांना पडसं.

आणि वर 31 मार्चची तारीख डोक्यावर. इंग्लंडमधला मुद्रांक शुल्काचा कर, स्टँप ड्युटी, घेणाऱ्यानं भरायचा असतो. 2022 मध्ये दिलेली सवलत 1 एप्रिल 2025 पासून संपणार होती. पहिल्या घराला 4 लाख 25 हजारांपर्यंत कर नव्हता, तो आता 3 लाखांपर्यंतच नसणार. खालच्या जोडीला 31 मार्चला शून्य, 1 एप्रिलला 2 हजार पौंड. आमच्या जोडप्याला शून्य टक्क्याचा टप्पा अडीच लाखांवरून सव्वा लाखावर येणार, म्हणजे 2,500 पौंड जास्त. त्या मार्चमध्ये देशातल्या सगळ्या वकिलांच्या कचेऱ्या पंढरपूरच्या बडव्यांसारख्या झाल्या असणार. आमच्या वकीलबाई ईमेलला उत्तर द्यायच्या ते रात्री साडेदहाला.

कागद सुरू झाले. विकणाऱ्यानं भरायचे दोन मोठे फॉर्म. एकात घराची सगळी कुंडली: शेजाऱ्यांशी भांडण आहे का, कुंपण कोणाचं, पूर आला होता का, जपानी नॉटवीड नावाचं ते भिंती पोखरणारं झुडूप आहे का, सांडपाणी कुठं जातं. दुसऱ्यात काय ठेवणार, काय नेणार: पडद्याच्या दांड्या, आरसे, बागेतल्या कुंड्या, टाकीतलं तेल. कुंड्यांपुढे मी लिहिलं, तुळस आणि कढीपत्ता नेणार. समोरच्या वकिलानं त्यावर काही विचारलं नाही. त्यानं न विचारलेली एवढी एकच गोष्ट असेल.

मागच्या बाजूची एक खिडकी प्लास्टिकच्या चौकटीची. आमच्या आधीच्या मालकानं कधीतरी बसवलेली, परवानगीचा कागद नाही. साध्या घराला असं बांधकाम काही वर्षं कोणी हरकत न घेता राहिलं तर सुटतं. यादीतल्या इमारतीला तशी मुदत नाही. काम कोणीही केलेलं असो, नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते. यावर इथल्या वकिलांचा तोडगा मजेदार आहे. विमा काढायचा. जो कागद नाही त्याचा विमा. एकदाच हप्ता भरायचा आणि पुढे कोणी दावा केला तर विमा कंपनी बघेल. अट एक, कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन करून "आमच्या खिडकीचं काय हो?" असं विचारायचं नाही. विचारलंत की विमा मिळत नाही. हात दाखवून अवलक्षण करू नये हे ब्रिटिश विमा कंपन्यांनी पॉलिसीतच लिहून ठेवलंय.

दुसरा विमा चर्चचा. हे ऐकून मला आधी गंमत वाटली. जुन्या गावांत काही जमिनींवर एक बोजा असतो, गावच्या चर्चच्या गाभाऱ्याची दुरुस्ती जमीनमालकानं करून द्यायची. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावात एका जोडप्याच्या शेतावर असा बोजा निघाला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, 2003 मध्ये निकाल त्यांच्याविरुद्ध लागला, आणि त्यांना शेवटी शेतच विकावं लागलं. त्यानंतर सरकारनं चर्चना आपला हक्क नोंदवायला ऑक्टोबर 2013 पर्यंतची मुदत दिली. न नोंदवलेला हक्क, पुढे जमीन विकली गेली की, नव्या मालकावर लागत नाही. आमच्या घराच्या नोंदीत काही नव्हतं. पण आम्ही घर घेतलं त्या 2013 च्या आधी, मग मधल्या काळाचं काय, अशी समोरच्या वकिलाला शंका. चहापाण्याएवढ्या हप्त्यात मिटलं. देवळाच्या कळसाची वर्गणी मी आयुष्यभर देत आलेय, पण विम्याचा हप्ता भरून वर्गणी टाळायची ही पहिलीच वेळ.

घोडं खरं अडलं ते संडासावर.

आमचं आणि शेजारच्या आजींचं घर पूर्वी एकाच शेतमालकाच्या गड्यांची दोन बिऱ्हाडं. 1971 मध्ये मालकानं दोन्ही वेगळी विकली, पण सेप्टिक टँक एकच राहिला, आणि तो आजींच्या बागेत, गुलाबांच्या वाफ्याखाली. खरेदीखत टाइप केलेलं, नकाशा हातानं रंगवलेला, सांडपाण्याच्या नळीची रेघ निळी. त्यात आम्हाला पाणी सोडायचा हक्क आणि निम्म्या खर्चाची जबाबदारी, असं व्यवस्थित लिहिलेलं. इतकी वर्षं दर उन्हाळ्यात टँकरवाला यायचा, उपसून जायचा, मी आजींना निम्मे पैसे पाकिटातून द्यायचे आणि त्या पाकिटाच्या मागे त्यांच्या झाडाचे टोमॅटो परत यायचे. एवढाच काय तो आमचा करार.

समोरच्या वकिलाला टोमॅटो चालेनात. त्याचा प्रश्न असा की टँकमधून बाहेर पडणारं पाणी पुढे जातं कुठे? 1 जानेवारी 2020 पासून सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात किंवा नाल्यात सोडायला इंग्लंडमध्ये बंदी आहे. जमिनीत मुरत असेल तर चालतं, दिवसाला दोन हजार लिटरपर्यंत परवान्याशिवाय. ओढ्यात जात असेल तर घर विकण्याआधी किंवा विकताना नवीन शुद्धीकरणाचं यंत्र बसवावं लागतं, त्याला दहा-पंधरा हजार पौंड सहज लागतात. आजींच्या बागेमागे ओढा आहे. 1971 च्या नकाशात निळी रेघ टँकपर्यंत येते आणि तिथंच संपते. त्यापुढे कागदावर नुसतं हिरवं गवत.

वकीलबाई म्हणाल्या, तज्ज्ञाचा अहवाल आणा. मग फेब्रुवारीच्या एका कोरड्या, बोचऱ्या सकाळी एक गृहस्थ व्हॅनमधून आले. पीटरबरोच्या बाजूचे, बोलायला मोकळे, हातमोजे कोपरापर्यंत. त्यांनी आमच्या संडासात एका बाटलीतून रंग ओतला. बाटलीत तो तांबूस, पाण्यात पडला की असा झगझगीत हिरवा की डोळ्यांवर येतो. मग फ्लश, मग सगळे नळ सोडून ठेवायचे. तोच प्रकार आजींच्या घरात. त्यानंतर ओढ्याच्या काठावर जाऊन वाट बघायची. ओढ्यात हिरवं उतरलं, तर आमची दहा-पंधरा हजारांची कटकट आणि 31 मार्च गेलाच. नाही उतरलं तर पाणी जमिनीत मुरतंय.

आजींचं वय नव्वदीच्या आसपास. त्यांनी बागेतल्या तीन खुर्च्या काठावर आणून ठेवायला लावल्या, चहाची किटली आणली आणि शाल गुंडाळून बसल्या. गावातला प्रत्येक कुत्रा फिरवणारा माणूस पुलावर थांबून विचारायचा, काय चाललंय? आजी शांतपणे सांगायच्या, "आमच्या दोघींच्या संडासाची वाट बघतोय." मला आपल्याकडच्या संस्कारांनी मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. त्यांना काही नाही. एका बाईंनी तर स्वतःच्या टँकसाठी त्या गृहस्थांचा नंबर मागून घेतला. ते म्हणाले, 2020 च्या नियमानंतर घरं विकणाऱ्यांकडूनच सगळ्यात जास्त काम येतं. एरवी कोण झाकण उघडतंय?

ओढ्याचं पाणी गढूळ ते गढूळच राहिलं. दुपारी त्यांनी टँकच्या बाहेर जाणाऱ्या नळीत कॅमेरा घातला. छोट्या पडद्यावर आधी काळोख, मग भाजक्या मातीची जुनी नळी, सांध्यांतून आलेली मुळं, मग भोकं पाडलेली नळी सुरू, आणि तिच्या तळाशी, खडीत मुरताना, आमचा हिरवा रंग. ती नळी आजींच्या सफरचंदाच्या झाडाच्या दिशेनं गेलेली. "म्हणूनच," आजी म्हणाल्या, "त्या झाडाला कधी खत घातलं नाही मी." गेल्या वर्षीची त्याची सफरचंदं मी मोरांब्यात घातली होती. तो मोरांबा मी नंतरही खाल्ला. उकळलेला असतो.

अहवाल आला, आजींनी आणि आम्ही एका कागदावर सह्या केल्या की उपसा आणि दुरुस्ती निम्मी-निम्मी. पण तज्ज्ञाची तारीख, अहवाल, मग आजींच्या वकिलानं तो कागद वाचणं, यात आठवडे गेले. त्यात खालच्या तरुण जोडीच्या बँकेनं पीटरबरोच्या घराची किंमत दहा हजारांनी कमी धरली. त्यांचं आपसात मिटेपर्यंत मार्च संपला. 1 एप्रिल उजाडला.

आणि दोन दिवसांनी एजंटचा फोन. आवाज खाली गेला की मी ओळखते. खालच्या जोडीला 2 हजारांचा कर, तो त्यांनी आमच्या जोडप्याकडून वळता करून मागितला. आमच्या जोडप्याचा स्वतःचा कर 2,500 नं वाढला. वर घर तपासणाऱ्या त्यांच्या सर्व्हेअरनं छपराबद्दल दोन पानं लिहिली होती. सगळं मिळून त्यांना 9 हजार कमी हवे होते. एक्स्चेंज तोंडावर आलेलं. शेवटच्या क्षणी भाव पाडण्याच्या या प्रकाराला इथं वेगळं नावसुद्धा आहे, गॅझंडरिंग. मालकानं शेवटच्या क्षणी दुसऱ्याचा चढा भाव घेतला की ते गॅझंपिंग. दोन्ही कायदेशीर. दोन्हीला लोक नावं ठेवतात, आणि वेळ आली की बहुतेक जण करतात.

नवरा भडकला. "घर बाजारातून काढ म्हणावं." पण काढलं तर ओडबीचं जातं, आजोबा दुसऱ्याला देतात, आणि नव्या गिऱ्हाइकाला कर तोच लागणार, छप्पर तेच दिसणार. मला त्या जोडप्याचा राग आला नाही असं नाही, पण चूक त्यांची म्हणणं मला पटत नाही. करार बांधील नसेल तर जो तो शेवटपर्यंत हिशोब मांडत बसणारच. दादाच्या व्यवहारात घेणारा असा आला असता, तर विसार गमवायच्या भीतीनं दहादा विचार केला असता. स्कॉटलंडमध्ये हेच ब्रिटिश लोक हेच व्यवहार कितीतरी लवकर बांधील करतात, आणि विकणारा सर्व्हेचा अहवाल आधीच हातात देतो, 2008 पासून. इंग्लंडनंही 2007 मध्ये विकणाऱ्यानं माहितीचं पुडकं आधी द्यावं असा नियम आणला होता. तीन वर्षंही टिकला नाही. 2010 मध्ये सरकार बदललं तसा पंधरवड्याच्या आतच गेला. 2025 च्या ऑक्टोबरात सरकारनं पुन्हा लोकांची मतं मागवली, माहिती आधी द्यावी का, करार लवकर बांधील करावा का. मी उत्तर पाठवलं. सेप्टिक टँकचा अहवाल घर बाजारात यायच्या आधी हवा, आणि बोलीबरोबर थोडे तरी पैसे अडकलेले हवेत, एवढंच लिहिलं. एजंट लोकांना हे आवडेल असं वाटत नाही, पण फेब्रुवारीत थंडीत काठावर ते बसले नव्हते.

आम्ही 4 हजार सोडले. 5 लाख 60 हजार. छपराचं काहीही देणार नाही, 2 हजार खालच्या जोडीसाठी आणि 2 हजार तुमच्या करासाठी, असं एजंटला स्पष्ट सांगितलं. तासाभरात होकार आला. तेव्हा वाटलं, तीनवरही आले असते.

मेच्या सुरुवातीला एक्स्चेंज झालं, दोन वकिलांनी फोनवर एकमेकांना सांगितलं आणि झालं. नोंदणी कचेरी नाही, अंगठे नाहीत, साक्षीदार घेऊन जाणं नाही. दादानं विचारलं, "कागदावर किती आणि वरून किती?" मी म्हटलं, सगळे बँकेतून, आणि पैसे कुठून आले याची आधी चौकशी. त्याला हे सगळ्यात कंटाळवाणं वाटलं. ताबा द्यायचा दिवस दोन आठवड्यांनंतरचा शुक्रवार. सकाळपासून पैसे खालून वर सरकत जातात, खालच्या जोडीच्या बँकेतून पीटरबरो, तिथून आमच्याकडे, आमच्याकडून ओडबीच्या आजोबांकडे, आणि जोवर शेवटच्या वकिलाच्या खात्यात दिसत नाहीत तोवर कोणाला किल्ली मिळत नाही. सामानाची गाडी भरून दारात उभी, नवरा ड्रायव्हरला तिसरा चहा देतोय, आणि बाराच्या सुमारास फोन वाजला. किल्ल्या एजंटकडे टाकल्या आणि निघालो.

राहिलं टाकीतलं रॉकेल. फॉर्मात लिहिलं होतं, उरलेलं तेल वेगळ्या पैशांत द्यायचं. निघताना मी काठी बुडवून मोजलं आणि फोटो काढला, साधारण 600 लिटर. नव्या मालकिणीनं वाद न घालता 350 पौंड पाठवले आणि विचारलं की बॉयलरवाला कोणाला बोलावता. मी नंबर दिला, आजींची ओळख करून दिली, आणि टँकरवाला येईल तेव्हा पाकीट तयार ठेवायचं हेही सांगितलं.

इंग्लंडमध्ये कुठलं घर किती पौंडांना गेलं हे भूमी नोंदणी खातं सगळ्यांसाठी जाहीर करतं. आमचं उन्हाळ्यात जाहीर झालं. त्याच संध्याकाळी आजींचा फोन. "पबमध्ये सगळे विचारतायत, 5 लाख 75 चं 5 लाख 60 कसं झालं?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी सांगितलं, छप्पर."